फिशफाइंडरचा पडदा काळा. दोष मात्र वायरीत

किनाऱ्यापासून कित्येक मैल आत, पहाटेच्या अंधारात जाळे सोडण्याची तयारी चालू असते आणि तांडेलासमोरचा फिशफाइंडरचा पडदा एकाएकी काळा पडतो. बटण दाबले की क्षणभर उजेड येतो आणि पुन्हा विझतो. यंत्रावर दोन थापा मारून पाहिल्या जातात, मागची वायर हलवून पाहिली जाते. खाली पाणी किती वाव आहे, तळ चिखलाचा आहे की खडकाचा, याचा अंदाज आता केवळ अनुभवाच्या बळावर बांधायचा असतो. डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांची मजुरी यांवरील खर्च तर बंदर सोडतानाच झालेला असतो. खडकावर जाळे अडकून फाटले तर नुकसान आणखी वाढते. ससून डॉक असो, वर्सोवा असो, हर्णै, मिरकरवाडा वा मालवण असो, हा प्रसंग नौकामालकांना नवा नाही.

नौका बंदरात परतली की यंत्र काढून शहरातील दुरुस्तीच्या दुकानात पाठवले जाते. तेथे टेबलावर जोडताच ते ठणठणीत चालते! दुकानदार 'दोष आढळला नाही' असे सांगून ते परत करतो, यंत्र पुन्हा नौकेवर बसते आणि दुसऱ्याच दिवशी बंद पडते. मग यंत्रच बाद झाले असा निष्कर्ष काढून हजारो रुपयांचे नवे यंत्र घेतले जाते. कित्येकदा त्याचीही तीच गत होते, कारण दोष यंत्रात नव्हताच. बॅटरीपासून यंत्रापर्यंत वीज पोहोचवणाऱ्या काही मीटर वायरीत, एखाद्या सांध्यात किंवा फ्यूजच्या घरात तो दडलेला असतो. दुकानातील टेबलावर नवी वायर आणि पुरेसा दाब असतो. नौकेवर खारे वारे, इंजिनची थरथर आणि काळ्या टेपखाली झाकलेले जुने जोड असतात.

ध्वनीचा हिशेब

फिशफाइंडर हे मुळात प्रतिध्वनी मोजणारे यंत्र. नौकेच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनिलहरी सोडतो. समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने त्या खाली जातात आणि तळावरून किंवा माशांच्या थव्यावरून आदळून परत येतात. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून खोली काढली जाते. खोल पाण्यासाठी ५० किलोहर्ट्झ आणि उथळ पाण्यातील बारकाव्यांसाठी २०० किलोहर्ट्झ या वारंवारता विशेष प्रचारात आहेत. जपानमधील नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासेमारीसाठी असे यंत्र व्यवहारात आणले. पूर्वी शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून जी खोली मोजली जाई, ती आज पडद्यावर क्षणोक्षणी उमटते. अनेक संचांत जीपीएसही त्याच पेटीत असते. त्यामुळे वीज गेली की खोलीबरोबर नौकेचे स्थान आणि पूर्वी नोंदवून ठेवलेल्या खडकांच्या खुणाही नजरेआड होतात.

हे सारे काम चालते ते बॅटरीच्या १२ किंवा २४ व्होल्ट विजेवर. साधारण आकाराचे यंत्र १२ व्होल्टवर एक ते दोन अँपिअर वीज घेते. मोठ्या रंगीत पडद्याची यंत्रे त्याहून अधिक. हा भार घरातील एखाद्या लहान दिव्याइतकाच म्हणायचा. पण दिवा दाब कमी झाला तर मंद होऊन का होईना, जळत राहतो. फिशफाइंडर तसे करत नाही. दाब ठरावीक मर्यादेखाली, म्हणजे अनेक यंत्रांत १० ते ११ व्होल्टच्या आसपास, उतरला की ते स्वतःहून बंद होते किंवा पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागते.

बंद नळाचा दाब

अशा वेळी मेकॅनिक मल्टिमीटर काढतो, यंत्राच्या मागचा प्लग सोडवतो आणि वायरीच्या टोकांवर व्होल्ट मोजतो. मीटर १२.६ दाखवतो. 'वायर ओके, मशीन खराब' असा निकाल लगेच दिला जातो. चुकीच्या निदानाचे सर्वांत मोठे मूळ या एका कृतीत आहे.

चाळीतील नळाचे उदाहरण घेता येईल. पाइप गंजून जवळजवळ बुजलेला असला, तरी नळ बंद असताना तोटीमागे पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ सोडला की मात्र करंगळीएवढी धार येते. विजेचेही तसेच आहे. वायरीतील तारांच्या जुडग्यापैकी एकच तार शाबूत असली, तरी वीज वाहत नसताना मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. कारण प्रवाह नसेल तर अडथळ्यावर दाब खर्चही होत नाही. यंत्र सुरू करून दोन अँपिअर वाहू लागले की त्या एका तारेचा अपुरेपणा उघडा पडतो. म्हणून मोजणी यंत्र सुरू असतानाच, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून आणि शक्यतो यंत्राच्या प्लगपाशीच केली पाहिजे. यंत्र सुरूच राहत नसेल तर त्याच्या जागी गाडीच्या दिव्याचा १२ व्होल्टचा, २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज घेतो, म्हणजे भार जवळपास तेवढाच. २४ व्होल्टच्या नौकेवर अर्थातच २४ व्होल्टचा बल्ब हवा.

समजा, यंत्र सुरू असताना बॅटरीच्या दोन खांबांवर १२.५ व्होल्ट मिळाले आणि यंत्राच्या प्लगवर १०.९. मधले १.६ व्होल्ट वाटेत कोठेतरी खर्च होत आहेत. ते कोठे, हे शोधण्याची रीत सोपी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी यंत्राच्या धन पिनेवर ठेवावी. येथे ०.३ व्होल्ट आले तर धन बाजूचा खर्च तेवढाच. आता एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी यंत्राच्या ऋण पिनेवर. येथे १.३ व्होल्ट दिसले की चोर सापडला. यानंतर एक सुई जागेवरच ठेवून दुसरी सांध्यासांध्यावरून पुढे सरकवत न्यावी. ज्या सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे आकड्यात एकदम उडी दिसेल, तोच दोषी. पहिली मोजणी बॅटरीचा शिशाचा खांब आणि त्यावरील क्लॅम्प यांच्यामध्येच करावी. तेथे मीटर जवळजवळ शून्य दाखवला पाहिजे. अनेकदा शोध तेथेच संपतो: पांढऱ्या खाराने माखलेला, हाताने फिरवला तर फिरणारा क्लॅम्प.

खर्च ऋण बाजूला आढळणे हा योगायोग नसतो. किनाऱ्यावरील अनेक कारागिरांचा हात ट्रक, टेम्पो आणि रिक्षाच्या वायरिंगवर बसलेला असतो. त्या वाहनांत लोखंडी सांगाडाच परतीच्या वायरीचे काम करतो. कोठेही एक स्क्रू मारला की 'अर्थ' मिळाली. लाकडी किंवा फायबरच्या नौकेला असा सांगाडा नाही. तेथे परतीची वायर स्वतंत्रपणे थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि ती धन वायरीइतकीच जाड असावी लागते. प्रत्यक्षात ती जवळच्या एखाद्या दिव्याच्या काळ्या वायरीला पिळा मारून जोडलेली सापडते. लोखंडी नौकेतही हुलचा परतीसाठी उपयोग करू नये, कारण भरकटलेल्या विजेमुळे पत्रा आणि पंख्याजवळचे धातू झपाट्याने झिजतात.

त्याच परतीच्या वायरीवर वायरलेस संचही असेल तर लक्षण मजेशीर दिसते. बंदरात फिशफाइंडर व्यवस्थित चालतो. तांडेलाने बोलण्यासाठी वायरलेसचे बटण दाबले की पडदा मिटतो. २५ वॅटचा व्हीएचएफ संच बोलताना पाच-सहा अँपिअर वीज ओढतो आणि दुबळ्या सांध्यावर दोन्ही यंत्रे एकाच वेळी माना टाकतात.

इंजिन सुरू होताना

इंजिनला स्टार्टर मारताच पडदा विझून पुन्हा सुरू होणे ही बहुतेक वेळा वायरीची नव्हे, बॅटरीची तक्रार असते. स्टार्टर काही क्षण शेकडो अँपिअर ओढतो. थकलेल्या बॅटरीचा दाब त्या वेळी १० व्होल्टच्या खाली जातो. विश्रांतीच्या स्थितीत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी १२.६ च्या पुढे असेल तर ती भरलेली समजावी, १२.२ च्या सुमारास ती निम्मी उरलेली असते आणि १२ च्या खाली गेली की रिकामी होत आली असे धरावे. यावर साधा उपाय म्हणजे इंजिन चालू झाल्यावर यंत्र सुरू करणे. पक्का उपाय म्हणजे यंत्रांसाठी वेगळी बॅटरी ठेवणे.

उलट प्रकारही घडतो. इंजिनचा वेग वाढवला की यंत्र बंद पडते, वेग कमी केला की सुरू होते. अशा वेळी बंदरावर आजही 'डायनामो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्टरनेटरकडे पाहावे. चार्जिंग चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मीटर १५ च्या पुढे सरकत असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि नौकेवरील प्रत्येक इलेक्ट्रॉनिक यंत्र धोक्यात आहे. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेले यंत्र २४ व्होल्टच्या नौकेवर जोडल्याने जळाल्यास त्याला वायरिंगचा दोष म्हणता येणार नाही. माहितीपुस्तिकेतील एक ओळ वाचली असती तर ते वाचले असते. तीच गोष्ट रंगांची. लाल धन आणि काळी ऋण ही सर्वसाधारण रीत असली, तरी सर्वच कंपन्या ती पाळत नाहीत. जोडणीपूर्वी पुस्तिका पाहणे बरे.

पडदा उजळलेला आहे, पण त्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो आहे, असे झाल्यास इंजिन बंद करून पाहावे. ठिपके नाहीसे झाले तर गोंगाट अल्टरनेटरकडून येतो. इंजिन चालू ठेवून इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे एकेक बंद केल्यास बाकीचे गुन्हेगारही सापडतात. यंत्राची वायर थेट बॅटरीवरून स्वतंत्र आणणे आणि ट्रान्सड्यूसरची केबल इतर वायरींच्या जुडग्यापासून दूर ठेवणे एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. पडदा स्वच्छ आहे, सारे आकडे दिसतात, केवळ तळच दिसत नाही, अशी तक्रार असेल तर विजेच्या वायरीमागे लागण्यात बहुधा अर्थ नाही. ट्रान्सड्यूसरवर साचलेले शेवाळ-शिंपले किंवा त्याची तुटलेली केबल आधी तपासावी.

चंदेरी कागदाचा धोका

पडदा पूर्णपणे मृत असेल तर पहिली शंका फ्यूजवर. तो काढून मीटरने तपासावा. काचेच्या फ्यूजमधील तार डोळ्यांना अखंड दिसली तरी टोकाशी ती तुटलेली असू शकते. फ्यूज शाबूत असल्यास त्याचे घर पाहावे. वायरीत ओवलेल्या फ्यूजच्या प्लास्टिक घरातील स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजते आणि फ्यूज चांगला असूनही वीज अडते. नवा फ्यूज टाकताच उडत असेल तर दुसरा टाकण्याआधी यंत्राचा प्लग काढावा. प्लग काढूनही उडतो, याचा अर्थ वाटेत वायर घासली जाऊन धन आणि ऋण एकत्र आले आहेत. प्लग काढल्यावर उडत नाही, तर दोष यंत्रात किंवा प्लगमध्ये आहे, आणि आता ते दुकानात नेणे योग्य.

मात्र भर समुद्रात फ्यूज संपले की सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा तांब्याची तार लावून वेळ मारून नेली जाते. हा प्रकार सर्वांत घातक. फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी असतो अशी समजूत आहे. वास्तविक तो मुख्यतः वायरीला वाचवतो. शॉर्ट सर्किट झाल्यास इंजिनची बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते आणि बारीक वायर काही सेकंदांत लालबुंद होऊन तिच्यावरील प्लास्टिक पेट घेते. लाकडी वा फायबरची नौका, पोटात डिझेल, स्वयंपाकासाठी गॅसची टाकी आणि चहूकडे पाणी! आग लागली तर पळायला जागा नाही. फ्यूज पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचाच हवा, आणि तो बॅटरीजवळ हवा. केबिनमध्ये यंत्राशेजारी बसवलेला फ्यूज इंजिनखोलीतून येणाऱ्या सबंध वायरीला संरक्षण देत नाही. अमेरिकेतील 'अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल' या संस्थेच्या मानकानुसार हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंचांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे आपल्याकडील वीतभरही नव्हे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा ऋण क्लॅम्प आधी सोडवावा आणि जोडताना तो शेवटी लावावा. हातातील कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ उतरवून ठेवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. झाकण लावलेल्या इंजिनखोलीत तो साठतो. पान्याची एक ठिणगी किंवा ओठांतील पेटलेली विडी तेथे पुरेशी ठरते.

कल्हई केलेली वायर

पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपल्याकडे कल्हई लावतात. वायरीलाही हाच न्याय लागू आहे. नौकेसाठीच्या चांगल्या वायरीतील तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा असतो. घरगुती वायरीतील उघडे तांबे खाऱ्या हवेत काळवंडते, त्यावर मोरचुदासारखा हिरवट थर चढतो, आणि ओल तारांच्या फटींतून प्लास्टिकच्या आत दूरवर शिरते. बाहेरून वायर नवी कोरी दिसते. टोक सोलले की आत काळी पडलेली. अशा वेळी चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापत जावे, आणि हातभर कापूनही ते लागले नाही तर संपूर्ण वायर बदलावी.

जाडीचा हिशेबही महत्त्वाचा. बॅटरीपासून केबिनपर्यंतची वाट ८ मीटर असेल तर जाऊन-येऊन वायर १६ मीटर होते. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवर दोन अँपिअरला सुमारे ०.५६ व्होल्ट खर्च होतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ०.२२. नौकेवरील इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठी हा खर्च तीन टक्क्यांत, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्टमध्ये ठेवावा असा सर्वमान्य दंडक आहे. तेव्हा बारीक वायरीत बचत करणे परवडणारे नाही.

जोडांबाबत मतभेद आहेत. पिळा मारून वर काळी टेप गुंडाळणे हे कोणीच योग्य मानत नाही, तरी सर्वत्र तेच दिसते. टेपचा डिंक उन्हाने सुटतो आणि आत खारट पाणी अडकून राहते. उघडा जोड परवडला, तो निदान वाळतो तरी. नुसते सोल्डरिंग करणेही धोक्याचे. सोल्डर झालेला भाग ताठ होतो आणि इंजिनच्या थरथरीने वायर त्याच्या शेजारीच तुटते. पक्कडीने दाबून बसवलेले कथिलाच्या मुलाम्याचे लग आणि त्यावर उष्णतेने आकसणारी, आतून डिंक असलेली नळी ही आजची मान्य रीत आहे. प्लगजवळ येणाऱ्या वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता झोलाच्या तळाशी ठिबकते. प्लगच्या पिना पॉलिश पेपरने घासू नयेत. वरचा मुलामा निघून जातो आणि त्या आणखी लवकर गंजतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि मऊ ब्रश पुरतो. बॅटरीचे खांब मात्र घासून चकचकीत करावेत, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि मग वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

या साऱ्याला निवांतपणा लागतो, आणि तो पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मिळतो. नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, जाळी विणली जातात, इंजिन उघडले जाते. वायरींकडे मात्र नारळी पौर्णिमा तोंडावर आली तरी कोणाचे लक्ष जात नाही. त्यात यंत्र घरी नेऊन ठेवले जाते आणि नौकेवरील उघडा प्लग पावसाळाभर तसाच लोंबत राहतो. त्याला झाकण किंवा निदान प्लास्टिकची घट्ट बांधलेली पिशवी हवी. हंगामाच्या पहिल्या फेरीआधी यंत्र सुरू ठेवून बॅटरीवरचे आणि प्लगवरचे व्होल्ट मोजावेत, दोन्ही आकडे तारखेसह तांडेलाच्या वहीत लिहून ठेवावेत. महिन्याभराने तीच मोजणी करताना फरक ०.२ वरून ०.८ वर गेलेला दिसला, तर कोणता तरी सांधा आतून गंजू लागला आहे हे पडदा विझण्यापूर्वीच कळते. त्याच वहीसोबत डब्यात योग्य क्षमतेचे पाच-सहा फ्यूज, दोन लग आणि एक साधा मल्टिमीटर ठेवायला फारशी जागा लागत नाही.